हात हलला

नोव्हेंबरपासून हेल्वेनं एकही तारा पाहिलेला नाही.
तार्तू शहराबाहेर, वेधशाळेच्या टेकडीवर
आकाश म्हणजे ओल्या लोकरीचं घोंगडं;
साडेतीनला अंधार,
आणि घुमटाच्या झडपेवर बर्फ इतका
की ती उघडायचं कुणी मनावर घेत नाही.

तिचं काही अडत नाही.
तिचे तारे रकान्यांत आहेत.
पंधरा लाख किलोमीटरवर एक दुर्बीण
दहा वर्षं सूर्याकडे पाठ करून मोजत राहिली,
मग तिचं इंधन संपलं, तिला निजवलं.
माणूस गेल्यावर घरातलं सामान लावत बसावं
तसं तिच्या आकड्यांचं अजून चाललंय.

काही ताऱ्यांचं अंतर उणे येतं.
उणे, म्हणजे शून्याहूनही अलीकडचं.
नव्या पोराला, राइगोला, याचं हसू येतं.
गाळून टाकू, तो म्हणतो.
हेल्वे पडद्यावरून नजर न काढता म्हणते, राहू दे.
यंत्र खोटं बोलत नाहीये, पुटपुटतंय.
सोयीच्या तेवढ्या चुका ठेवल्या
की सरासरी खोटं बोलायला लागते.

तळघरात काचेवरची जुनी छायाचित्रं
आणि हिरव्या पुठ्ठ्याच्या एकोणीस वह्या.
अक्षर एन्डेल कूसिकचं, मुंगीएवढं, सरळ.
एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून
तो काचेवरचे काळे ठिपके मोजायचा,
केसाच्या जाडीच्या हिशेबात.

हेल्वेनं आजचे तारे साठ वर्षं मागे हाकत नेले,
एकेक आपापल्या ठाणाला.
दोनशे सोळा मुकाट बसले.
दोनशे सतरावा जिथं बसला
तिथं वहीत आकडा होता,
आकड्यावर पेन्सिलीची आडवी रेघ,
आणि बाजूला एक शब्द: चूक.
मार्च, एकोणीसशे चौसष्ट.

तिनं पुन्हा हाकला. पुन्हा तिथंच.
तिसऱ्यांदा राइगोला हाकायला लावला.

एन्डेल अठ्ठ्याऐंशीचा आहे,
जंगलाच्या कडेला राहतो,
बर्चच्या ढलप्या स्वतः फोडतो
आणि पाहुण्यांवर चिकोरीची कॉफी लादतो.
वही त्यानं दिव्याखाली घेतली,
बराच वेळ ती नुसती धरून बसला.

मुलगी अकरा दिवसांची होती, तो म्हणाला.
रात्रभर रडायची.
मी तसाच सायकलवर टेकडी चढून यायचो.
हा तारा यादीतल्या जागेपासून
चार केस पलीकडे निघाला.
तारा कुठला एवढा हलायला.
मला वाटलं, माझाच हात हलला.

मग थोड्या वेळानं,
जणू कुणा दुसऱ्याची गोष्ट असावी असं:
पुढल्याच महिन्यात मी मोजणी सोडली.
वाचनालयाच्या किल्ल्या मागून घेतल्या.
पुस्तकांना चालतं, हात हलला तरी.

हेल्वेला वाटेत बरंच काही सुचलं होतं.
आता ती कपाची कड फिरवत बसली.
चुलीत एक ओलं लाकूड सुसू करत होतं.

निघालाय कुठं तो एवढ्या घाईनं, त्यानं विचारलं.
बाहेर, ती म्हणाली. आकाशगंगेच्या बाहेर.
परत?
परत नाही.
असं, तो म्हणाला, आणि चुलीचं दार लावलं.

मग त्यानं उजवा हात दिव्यासमोर धरला,
पालथा केला, उलथा केला,
जुना जामीनदार ओळखू येतो का बघावं तसा.
आता मात्र तो खरोखरच हलत होता.
एन्डेलला हसू फुटलं, मग खोकला,
मग पुन्हा हसू.

रबर आहे का तुझ्याकडे?

रेघ राहू दे, हेल्वे म्हणाली.
खाली फक्त आजची तारीख घाला.

त्यानं पेन्सिल तासली, चाकूनं, सावकाश.
तारीख वाकडी आलीये.
वाचता येते.